आप्पांच्या कोर्टातली भांडी

आमटीत मीठ जास्त पडलंय, असं आप्पांच्या खाणावळीत कुणाला सहज बोलून जाता येत नसे. बोललाच, तर आप्पा हातातलं वाढप थांबवून त्याच्यासमोर उभे राहत आणि विचारत, "फिर्याद आहे की नुसती कुरबुर?" कुरबुरीची नोंद होत नसे. फिर्याद असेल तर शेजारच्या पानांवरचे साक्षीदार लागत. साक्षीदारांनी आमटी चाखायची, एकमेकांकडे न बघता मत द्यायचं, आणि तोवर फिर्यादीनं जेवण थांबवायचं. तेवढ्यात भात गार होई. त्यामुळे बहुतेक फिर्यादी ताकाची वाटी पुढे ओढून तडजोड करत आणि आप्पा "प्रकरण निकाली" असं म्हणून पुढच्या पानाकडे वळत.

आप्पांनी सगळी हयात रत्नागिरीच्या कोर्टात, न्यायाधीशांच्या खालच्या टेबलाशी बसून काढली होती. न्यायाधीश बदलून जात, आप्पा जागेवरच असत. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या पडवीत खाणावळ काढली, म्हणजे खाणावळ काकूंनी काढली आणि आप्पा तिचं कामकाज बघू लागले. मी देशावरचा, पहिल्या नोकरीसाठी या गावात येऊन पडलेला. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं ती. गावात एकेका घरावर टीव्हीचे अँटेने उगवत होते, आणि आमच्यासारखी सडीफटिंग पोरं दोन वेळच्या जेवणासाठी जांभ्याच्या पायऱ्या चढून आप्पांच्या पडवीत पाटावर बसत होती. पहिल्या दिवशी त्यांनी मला नाव, गाव, खातं आणि वय विचारलं आणि "खरं सांगेन, खोटं सांगणार नाही" एवढं सोडून बाकी सगळं वदवून घेतलं.

दर मात्र त्यांनी कधी वाढवला नाही. काकूंनी विषय काढला की म्हणायचे, "पोरांचे पहिले पगार आहेत गो. पुढच्या तारखेला बघू." हा माणूस कंजूष होता की दयाळू, हे मला आजही नक्की ठरवता येत नाही. दोन्ही असावा, आणि बहुधा एकाच वेळी.

पुढची तारीख हे आप्पांचं सगळ्यात आवडतं शस्त्र. पडवीचं एक कौल फुटलं होतं, त्याखाली बादली ठेवून दोन पावसाळे गेले. मुलीच्या लग्नाचंही तसंच. स्थळं येत, आप्पा प्रत्येक स्थळाची उलटतपासणी घेत आणि निर्णय राखून ठेवत. शेवटी मुलीनं स्वतःच एक शिक्षक शोधला. आप्पांनी "हरकत नोंदवून घ्यावी" असं सगळ्यांसमोर सांगितलं आणि मग सगळ्यांच्या आधी अक्षता टाकल्या. मला त्यांचा राग यायचा, आणि राग धरून बसावं म्हटलं तर ते असलं काहीतरी करायचे.

काकू आंजर्ल्याच्या. बोलणं कमी, हात सतत चाललेला. त्या सैपाकघरात आणि आप्पा ओटीवर, अशी घराची वाटणी कधीतरी होऊन गेली होती. दोघांना एका जागी बसलेलं मी पाहिलेलं नव्हतं. गरज पडली की आप्पा ओटीवरून "अगो, ऐकलंस काय?" अशी हाक देत, आणि काकू आतूनच "ऐकलं" म्हणत. काय ऐकलं ते दोघांनाही माहीत असावं.

भांडी शेवंतीबाय घासायची. मागीलदारी विहिरीजवळ पाण्याची दगडी डोण होती, तिच्यापाशी ती उकिडवी बसे. एका हाताला चुलीतली राख, दुसऱ्या हाताला नारळाच्या शेंडीचा चोथा. आप्पांकडे स्टीलचं भांडं एकही नव्हतं. स्टीलवर त्यांचा विश्वास नव्हता. "गरम दिसत नाही आणि हात भाजतो. असला साक्षीदार काय कामाचा?" म्हणून सगळी पितळी पातेली, आतून कथलाची पांढरी कल्हई लावलेली. शेवंतीबाय कित्येक वर्षं तिथेच बसत होती आणि तिला काही सांगावं लागत नसे.

त्या वर्षी गणपतीला तिचा मुलगा मुंबईहून आला. त्यानं तिकडे खोली घेतली होती, नातवंड झालं होतं, आणि जाताना तो आईला घेऊन जायचं म्हणत होता. शेवंतीबाय आप्पांना सांगायला आली. आप्पांनी सवयीनं "पुढच्या तारखेला बघू" म्हटलं. ती म्हणाली, "तारीख कसली, आप्पा? यष्टी संध्याकाळची हाय." आप्पांनी तिला साडी दिली, काकूंनी नातवासाठी दुपटं दिलं, आणि ती गेली.

दुसऱ्या दिवसापासून डोणीपाशी काकू बसू लागल्या.

"हे तात्पुरतं," आप्पांनी आम्हांला जेवताना जाहीर केलं. "रीतसर नेमणूक होईपर्यंत." आणि नेमणुकीची कार्यपद्धतीही सांगितली. येईल त्या बाईला ठेवायचं नाही. परीक्षा घ्यायची. शेवंतीबायला जे देत होतो त्यातच बसवायचं, कारण त्याहून जास्त परवडणार नाही, आणि परवडवायचं तर आमचा दर वाढवावा लागेल. हे शेवटचं वाक्य ऐकून आम्ही सगळ्यांनी परीक्षेला पाठिंबा दिला.

परीक्षेचा मुद्देमाल आप्पांनी स्वतः तयार केला. पिठलं लागलेली कढई, दुधाची खरवड धरलेलं पातेलं, चहाची गाळणी आणि तेलाची बुधली. प्रत्येक भांड्याला कागदाची चिठ्ठी डकवून त्यावर "निशाणी एक", "निशाणी दोन" असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. उमेदवारानं डोणीपाशी बसून चारी निशाण्या घासायच्या. आप्पा मागच्या दारात खुर्ची टाकून बसणार. मग एकेक भांडं ते उन्हात धरणार, ओलं बोट आतून फिरवणार आणि कर्रर्र असा आवाज येतो का ते ऐकणार. निकाल मागाहून कळवण्यात येणार.

पहिली आली ती बोलकी निघाली. कढई घासता घासता तिनं आप्पांना वाडीतली सगळी बित्तंबातमी दिली. भांडी छान निघाली होती, पण आप्पा म्हणाले, "कामकाज चालू असताना बोलते." दुसरी एक शब्द बोलली नाही. आप्पांनी विचारलेल्या प्रश्नांना नुसती मान हलवत राहिली. तिच्याबद्दल ते म्हणाले, "साक्षीदार काहीतरी लपवतोय." तिसरीनं भांड्यांना हात लावायच्या आधी पगार विचारला आणि ऐकल्यावर पदर झटकून उठली. "मागणी दाव्याच्या बाहेर," आप्पांनी शेरा मारला. आणखीही आल्या आणि गेल्या, आणि दर वेळी निकाल राखून ठेवला गेला. आम्हांला करमणूक होत होती. जेवायला बसलो की पहिला प्रश्न, आज कुणाची सुनावणी होती?

दर परीक्षेनंतर निशाण्या पुन्हा घाण करून ठेवायचं काम काकूंकडे होतं, आणि बाकीची भांडी होतीच. भाद्रपदातला पाऊस सरता सरत नव्हता. काकू डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन बसत. एकदा वाढताना त्यांनी भाकरी माझ्या पानात टाकली ती बोटांनी न धरता दोन्ही तळव्यांच्या मध्ये धरून, आणि बोटांना चिंधी गुंडाळलेली दिसली. मी विचारलं तर म्हणाल्या, "राखेनं जरा चिरा पडल्यात. व्हायचंच." आणि दुसऱ्या पानाकडे गेल्या. मी आप्पांना म्हटलं की काकूंचे हात बघितलेत का. ते म्हणाले, "म्हणून तर परीक्षा चाललीय ना." हे त्यांना मनापासून वाटत होतं. म्हणूनच त्यांच्याशी भांडण करता येईना.

मग द्रुपदी आली. नवरा मुंबईस, स्वतःची थोडी शेती आतल्या गावात, आणि शेतीचं काम नसेल तेव्हा इथे गावात भावाच्या खोपटात राहायची. उंच, काटक, फार बोलकी नाही आणि मुकीही नाही. तिनं चिठ्ठ्या बघितल्या, हसली, आणि विचारलं, "कशी घासू?"

या प्रश्नानं आप्पा खूश झाले. आजवर कुणी हुकूम विचारला नव्हता. ते खुर्चीत ताठ झाले आणि म्हणाले, "आतून बाहेरून. आरशासारखी. काही शिल्लक राहता नये."

द्रुपदीनं राख बाजूला सारली. परसात जाऊन जांभा चिरल्यावर पडतो तो लाल भुगा ओंजळीत भरून आणला, त्यात चिंच कालवली, आणि बसली. कढई झाली, पातेलं झालं, गाळणी आणि बुधली झाली, आणि तिनं विचारलं, बाकीची पण घासू? आप्पा हो म्हणाले. तिनं फळीवरची सगळी पातेली उतरवली. दुपार कलली तेव्हा विहिरीच्या कठड्यावर पितळेची अशी रांग लागली होती की डोळे दिपावेत. आप्पांनी एकेक भांडं उन्हात धरलं. बोट फिरवायची गरजच पडली नाही. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी निकाल जागच्या जागी दिला, "नेमणूक मंजूर."

काकू त्या दिवशी आत अंथरुणावर होत्या. अंगात कणकण होती, म्हणून दुपारपासून आप्पांनी त्यांना उठू दिलं नव्हतं. संध्याकाळचा सैपाक शेजारच्या वहिनी करून देणार होत्या. कढी मात्र मी करतो, असं आप्पांनी सांगितलं. सगळ्यात झळझळीत पातेलं निवडलं, त्यात आंबट ताक ओतलं, आलं-मिरची ठेचून टाकली, ऊन करून उतरवली आणि झाकून ठेवली. पातेल्याचा आतला भाग बाहेरच्यासारखाच पिवळा का दिसतोय, हा प्रश्न हयातभर पितळी भांड्यांत जेवलेल्या त्या माणसाच्या डोक्यात एकदाही आला नाही. इतके ते स्वतःच्या निकालावर खूश होते.

रात्री पानं मांडली. आप्पांनी स्वतः कढी वाढली. माझ्या शेजारी एसटीतले एक कंट्रोलर बसत, त्यांनी वाटी तोंडाला लावली आणि तशीच खाली ठेवली. मी घोट घेतला. जुन्या नाण्याला जीभ लावल्यासारखी चव होती. वाटीत बघितलं तर कढीला हिरवी झाक आली होती. पंगतीत कुणी काही बोलेना, कारण बोलावं तर फिर्याद करावी लागणार.

शेवटी कंट्रोलरसाहेब म्हणाले, "आप्पा, कढी कळकलीय."

"फिर्याद की कुरबुर?"

"फिर्याद."

आप्पांनी पंगतभर बघितलं. सगळ्यांचे हात थांबले होते. साक्षीदारांची गरज नव्हती. त्यांनी वाटी घेतली, भुरका मारला, गिळला, आणि चेहऱ्यावर काहीही न दाखवण्याचा प्रयत्न केला. तो साधला नाही. मग ते सैपाकघरात गेले, पातेलं कंदिलाजवळ नेलं, आतून बघितलं. सगळी कल्हई गेली होती. एकाच पातेल्याची नव्हे, फळीवरच्या सगळ्या भांड्यांची.

सकाळी द्रुपदी कामाला आली तेव्हा आप्पा कोट घालून बसले होते. "कल्हई असलेलं भांडं आतून हलक्या हातानं घासायचं, हे तुला ठाऊक नाही?"

"आमच्या घरात सगळी जर्मनची भांडी, आप्पा," द्रुपदी म्हणाली. "अल्युमिनला कल्हई कसली? घासू तेवढं उजळतं. मी इचारलं ना तुमाला, कशी घासू म्हणून? तुमी बोललात आतून भायेरून. आता मला कशाला बोलताव?"

आप्पांनी कोटाचं वरचं बटण सोडलं. मग म्हणाले, "तुझी बाजू खरी आहे. चूक हुकमात होती." हा त्यांचा मोठेपणा. पण पुढे लगेच म्हणाले, "तथापि," आणि तथापि म्हटलं की आप्पांचं काय होतं ते आम्हांला पाठ होतं. सगळी भांडी कल्हईला काढायची म्हणजे राजापूरहून कल्हईवाला येईपर्यंत थांबायला हवं. तोवर शेजारून मागून आणलेल्या भांड्यांवर भागवायचं. त्या खर्चात नवी नेमणूक बसत नाही. म्हणून प्रकरण तहकूब. द्रुपदी निघून गेली.

आणि काकू उठून पुन्हा डोणीवर जाऊन बसल्या.

तो रविवार होता, म्हणून मी तिथे होतो. दुपारची जेवणं आटोपली होती. आप्पा ओटीवर सुपारी कातरत पुढच्या परीक्षेत हुकूम कसा लिहावा याचा मसुदा मला ऐकवत होते. काकू मागच्या बाजूनं घराला वळसा घालून ओटीसमोरच्या खळ्यात आल्या. एरवी त्या पुढच्या बाजूला येत नसत. येऊन ओटीच्या कडेशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, माझे हात बघा जरा."

"बघतो ना," आप्पा म्हणाले. "हाच मसुदा..."

"मसुदा नको. हात बघा."

त्यांनी चिंध्या सोडल्या होत्या. दोन्ही हात त्यांनी आप्पांच्या मांडीशी, सुपारीच्या तबकाशेजारी ठेवले. बोटांच्या पेरांवर भेगा उलल्या होत्या, त्यांत राख भरून काळ्या रेघा झाल्या होत्या, आणि नखांच्या कडा पांढऱ्या फुगलेल्या होत्या. आप्पांनी चष्मा शोधला. तो त्यांच्या डोळ्यांवरच होता. मग ते बघत राहिले. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. मला काकूंचं फार वाईट वाटलं आणि त्याहून थोडं जास्त आप्पांचं, कारण काकूंना हे महिनाभर माहीत होतं आणि आप्पांना आत्ता कळत होतं.

काकूंनी हात उचलले आणि आल्या तशा परत गेल्या. आप्पांनी तबक बाजूला सारलं, कोट चढवला, छत्री घेतली आणि मला म्हणाले, "चला. पंच लागेल."

आम्ही द्रुपदीच्या भावाच्या खोपटाकडे गेलो. ती दारातच नाचणी पाखडत होती. आप्पांनी उभ्या उभ्याच सांगितलं, "तू कामावर ये."

"येईन," ती म्हणाली. "पण काकीच्या हातांची काय गत झालीय ते मी बघितलंय. मी राखेत हात घालणार नाय. पावडर आणा. आणि डोणीवर पत्रा टाका."

"ते खर्चात बसत नाही, द्रुपदी."

"मग बसवा. मी टोप-कढया घासीन. ताटं-वाट्या ज्याच्या त्यानं धुवाव्या. एवढे धट्टेकट्टे बापये जेवतात, त्यांना हात नायत?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मला हात होते. त्यांनी नेहमीप्रमाणे तोंड उघडलं आणि मी "पुढची तारीख" ऐकायची तयारी केली.

"मंजूर," आप्पा म्हणाले.

तिचं भात कापणीला आलं होतं, म्हणून कापणी उरकून येते म्हणाली. तोवर काय, असं मी परतताना विचारलं. आप्पा छत्री टेकत चालत राहिले. उत्तर दुसऱ्या दिवशी मिळालं. काकू डोणीकडे निघाल्या तर तिथे आप्पा बसले होते, धोतर खोचून, समोर शेजारच्यांची भांडी. काकू म्हणाल्या, "उठा, शेजारीपाजारी बघतील." आप्पा म्हणाले, "बघू देत. कामकाज उघड्यावरच चालतं." ताटल्या आम्ही आपापल्या धुवायला लागलो. कंट्रोलरसाहेबांनी थोडी कुरकुर केली, पण आप्पांना कढया घासताना बघून तेही रांगेत आले.

आप्पांना भांडी घासता येत नव्हती, हे सांगायलाच हवं. पिठल्याची कढई त्यांच्याकडून निघत नसे. ते तिला रागावत, तिच्याशी वाद घालत, ती उलटी घालून राखेत दामटत. पावडर द्रुपदी आल्यावर उघडायची म्हणून राखच वापरत. कोर्टात आयुष्यभर टाक धरलेले हात ते, मऊ. आठवडाभरात उलले.

कापणी संपत आली तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी मी जेवायला जरा लवकर गेलो. ओटीवर आप्पा बसले होते आणि त्यांच्या शेजारी, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ, काकू. काकूंच्या हातात कोकमतेलाचा गोळा होता. पणतीवर धरून तो पातळ करायचा आणि भेगेत भरायचा, असं चाललं होतं. आप्पा डोळे मिटून "हाय, हाय" करत होते आणि काकू "पोरांपेक्षा वाईट तुम्ही" म्हणत होत्या.

मग आप्पांनी डोळे उघडले. स्वतःच्या हाताकडे बघितलं, काकूंच्या हाताकडे बघितलं.

"अगो, तुला कोण लावत होतं हे?"

"मला कोण लावणार?" काकू काम न थांबवता म्हणाल्या. "उजव्या हातानं डाव्याला, डाव्यानं उजव्याला."

आप्पांनी काकूंच्या हातून गोळा काढून घेतला, पणतीवर धरला आणि म्हणाले, "आण तो हात."

काकूंनी मला बघितलं आणि हात पदराखाली घेतला. "अहो, जेवायला माणसं यायला लागलीत."

"बसतील जरा," आप्पा म्हणाले. "आण."

मी त्यांच्याकडे पाठ करून पायरीवर बसलो. मागून बाकीचे आले, त्यांनाही हातानं थोपवलं. त्या दिवशी आम्ही सगळे उशिरा जेवलो.